दिव्यातून इंटरनेट मिळेल, पण वीज किती जळेल?

'वायफाय विसरा, आता बल्बमधून इंटरनेट' अशा रील्स अधूनमधून व्हायरल होतात. त्यात एक वाक्य हमखास असतं: दिवा लावायचाच आहे, मग डेटा फुकटात! हा हिशेब अर्धवट आहे. 'लायफाय'चं खरं वीजबिल बल्बच्या बुडाशी असलेल्या सर्किटवर ठरतं. त्याला ड्रायव्हर म्हणतात.

ड्रायव्हर करतो काय?

एलईडी थेट 230 व्होल्टवर चालत नाही. होल्डरजवळच्या भागातलं छोटं सर्किट एसी विजेचं डीसी करतं आणि करंट स्थिर ठेवतं. (बल्ब 'गेला' म्हणतो तेव्हा बऱ्याचदा हेच सर्किट गेलेलं असतं.)

लायफायला मात्र नेमकं उलट हवं. डेटा पाठवायचा तर करंट सेकंदाला लाखो वेळा कमी-जास्त व्हायला हवा. डोळ्यांना ते कळत नाही, रिसीव्हरला कळतं.

मग वीज कुठे वाया जाते?

पंख्याचा जुना खोक्यासारखा रेग्युलेटर आठवा. पंखा हळू केला की रेग्युलेटर तापायचा. करंट हवा तसा वळवणारा लिनिअर अ‍ॅम्प्लिफायर असाच तापतो. समजा, एलईडीला 9 वॅट हवेत. ड्रायव्हरची कार्यक्षमता 90 टक्के असेल तर 10 वॅट लागतात, 60 टक्क्यांवर आली तर 15. जास्तीचे 5 वॅट म्हणजे एखाद्या छोट्या राउटरइतकी वीज, तीही प्रत्येक दिव्यामागे. 2015 पासून 'उजाला' योजनेत देशभर 36 कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले, ते वीज वाचवण्यासाठीच.

ट्रान्झिस्टर फक्त चालू-बंद केला तर नासाडी कमी होते, पण प्रत्येक लुकलुकीत एकच बिट जातो. त्यात पांढऱ्या एलईडीवरचा पिवळा फॉस्फर विझायला वेळ घेतो, त्यामुळे वेगही अडतो.

स्पेनच्या ओव्हिएदो विद्यापीठातल्या संशोधकांनी कामाची वाटणी केली. उजेडाची बहुतेक वीज एक संथ, काटकसरी कन्व्हर्टर देतो. डेटासाठी दुसरा, वेगवान कन्व्हर्टर. वेगापायी होणारा तोटा मग विजेच्या छोट्या वाट्यापुरताच राहतो.

घरात कधी येणार?

2023 मध्ये आयईईईने 802.11बीबी हे मानक जाहीर केलं, तेव्हा 'बल्बमधून इंटरनेट' पुन्हा ट्रेंड झालं. प्रत्यक्षात हे मानक 800 ते 1000 नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड प्रकाशासाठी आहे. तो डोळ्यांना दिसत नाही आणि त्याने खोलीही उजळत नाही. म्हणजे रीलमधला बल्ब या मानकात नाहीच. उद्या कुणी तसा बल्ब विकायला आणलाच, तर खोक्यावर दोन आकडे शोधावेत: डेटा बंद असताना किती वॅट आणि चालू असताना किती.