रुग्णालयातील सुरक्षा रक्षकांची पात्रता, शारीरिक निकष आणि संरक्षण यांबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
बीड

विषय : रुग्णालयातील सुरक्षेच्या कामाला साजेसे निकष, प्रशिक्षण व कायद्याचे संरक्षण मिळण्याबाबत.

महोदय,

जिल्ह्यातील सरकारी व खासगी रुग्णालयांच्या फाटकावर, अपघात विभागात आणि प्रसूती कक्षाबाहेर पाळीने उभे राहणारे आम्ही सुरक्षा रक्षक व पर्यवेक्षक हे निवेदन सादर करीत आहोत. निकष सैल करावेत असे आम्ही म्हणत नाही. ते नीट लावावेत, रुग्णालयातले काम पाहून लावावेत आणि त्यासाठी लागणारे प्रशिक्षण आम्हाला मिळावे, ही आमची मागणी आहे.

खासगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम, २००५ नुसार रक्षकाचे वय १८ ते ६५ च्या दरम्यान असावे लागते व चारित्र्य पडताळणी सक्तीची आहे. केंद्राच्या आदर्श नियमांत पुरुषाची उंची १६० सेंमी, महिलेची १५० सेंमी, पुरुषाची छाती ८० सेंमी व फुगवून चार सेंमी जास्त, निर्दोष श्रवण, रंगांधळेपणा नसणे आणि सहा मिनिटांत एक किलोमीटर धाव असे निकष आहेत. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणारी पोरे या जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्यांना ही धाव जड नाही. खरी अडचण पुढे आहे. त्याच नियमांत किमान २० कामाच्या दिवसांत १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले आहे. आमच्यातल्या कित्येकांना आज गणवेश मिळाला आणि उद्या ड्युटी लागली. हे १६० तास कागदावर न राहता प्रत्यक्ष व्हावेत आणि त्याचा खर्च रक्षकाच्या पगारातून कापू नये.

छातीच्या मापाने रुग्णालयातले काम मोजता येत नाही. ऊस वाहणारा ट्रॅक्टर उलटला की एका जखमीमागे गाडी भरून नातेवाईक येतात. त्यांना दारात थोपवायचे, स्ट्रेचरला वाट करून द्यायची, आईला आत सोडायचे, बाकीच्यांशी आवाज न चढवता बोलायचे, हे सगळे एकाच माणसाने एकाच वेळी करायचे असते. कीटकनाशक प्यायलेला रुग्ण भ्रमात हातपाय झाडतो, तेव्हा डॉक्टर आधी रक्षकालाच हाक मारतात. त्याच्या कपड्यांवरचे, उलटीतले विष कातडीतूनही भिनते. तरी कित्येकदा आम्ही उघड्या हातांनी त्याला धरतो. रक्ताचेही तसेच. म्हणून प्रत्येक पाळीला हातमोजे, मास्क आणि नियुक्तीसोबतच सुरू करून हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस मिळावेत. रुग्णाला इजा न करता कसे धरावे आणि संतापलेल्या माणसाशी कसे बोलावे, हे मानसोपचार विभागातील तज्ज्ञांनी शिकवावे. अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. असा वर्ग जिल्ह्यातच भरू शकतो.

आगीबाबत तर उशीर नकोच. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयात आगीत दहा नवजात बालके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला शेजारच्या अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. रात्री आग लागली की दारावरचा माणूसच आधी धावतो. अग्निशामक सिलिंडरची पिन कशी काढायची, विजेचा मुख्य खटका कुठे आहे, बाळे कोणत्या वाटेने बाहेर काढायची, हे प्रत्येक रक्षकाकडून दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष करून घ्यावे.

प्रसूती कक्ष व नवजात शिशू कक्षाच्या दारावर तिन्ही पाळ्यांना महिला रक्षक असाव्यात. बाळंतिणीची चौकशी करणे, बाळ घेऊन निघालेल्या बाईची ओळख पटवणे, हे पुरुष रक्षकाकडून नीट होत नाही. महिला रक्षकांना कपडे बदलायला खोली व स्वच्छतागृह हवे.

आदर्श नियमांत दर बारा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी आहे. ज्या इमारतीच्या दारात आम्ही उभे असतो, तिथेच ती मोफत होऊ शकते. मात्र बारा तास उभे राहून गुडघे गेलेल्या अनुभवी रक्षकाला याच तपासणीच्या आधारे घरी बसवू नये. माजी सैनिकांना प्राधान्य देण्याची मुभा कायद्यातच आहे. वय झाल्यावर अशा अनुभवी रक्षकांना व माजी सैनिकांना सीसीटीव्ही कक्ष किंवा पास खिडकीवर नेमावे. पाळी आठ तासांचीच असावी. स्ट्रेचर ढकलणे, ऑक्सिजनचे सिलिंडर हलवणे यासाठी वेगळे कर्मचारी द्यावेत, कारण रक्षक तिकडे गेला की दार उघडे पडते.

डॉक्टर व रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१० मध्ये केलेल्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजारांपर्यंत दंड आहे. त्यातील व्याख्येत डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी व निमवैद्यकीय कर्मचारी येतात. सुरक्षा रक्षकाचे नाव नाही. डॉक्टरवर येणारा पहिला हात अनेकदा आमच्या अंगावर पडतो. ‘सुरक्षा रक्षक’ हा शब्द कायद्यात यावा, अशी शिफारस आपण शासनाकडे करावी, ही आमची सर्वांत कळकळीची मागणी आहे. तोवर रक्षकाला मारहाण झाल्यास रुग्णालय प्रशासनाने स्वतः फिर्याद द्यावी. जखमी रक्षकाला एकट्याने पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवायला लावू नये.

या विषयावर जिल्हा शल्यचिकित्सक, वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता, पोलीस अधीक्षक, कामगार विभागाचे अधिकारी, सुरक्षा एजन्सी आणि आमचे प्रतिनिधी यांची बैठक आपण एक महिन्याच्या आत बोलवावी आणि प्रशिक्षणासाठी जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून तरतूद सुचवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
बीड जिल्ह्यातील रुग्णालयांत काम करणारे सुरक्षा रक्षक व पर्यवेक्षक

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, बीड
मा. पोलीस अधीक्षक, बीड