सबवूफर घेताना आधी हॉल पाहा

लग्नसराई जवळ आली की हळद, संगीत, साखरपुडा अशा घरगुती समारंभांसाठी ‘डीजे’ची शोधाशोध सुरू होते. कॉलेजात शिकणारी किंवा नोकरी सांभाळून हौस करणारी अनेक मुले दोन स्पीकर, एक लॅपटॉप आणि छोटा मिक्सर घेऊन हे काम करतात. चार-सहा कार्यक्रम झाले की यजमानांकडून ठरलेला शेरा येतो, ‘सगळे छान, पण बेस कमी पडतो.’ मग घरात सबवूफरचा विषय निघतो. वडिलांची मुदत ठेव मोडून किंवा हप्त्यांवर घेतली जाणारी ही वस्तू नीट पारखून घेतली तर वर्षानुवर्षे कामाला येते. निवड चुकली तर ती माळ्यावरही मावत नाही!

त्याचे काम काय?

माणसाच्या कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. त्यांपैकी सुमारे १०० हर्ट्झच्या खालचा, म्हणजे छातीत जाणवणारा ठोका सांभाळणे हे सबवूफरचे काम. चार तारांच्या बेस गिटारचा सर्वांत खालचा स्वर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. नाचाच्या गाण्यांतला ‘धम्म’ बहुधा ४० ते ८० हर्ट्झमध्ये येतो. गाणाऱ्याचा आवाज, पेटी, बासरी, सतार यांचा मुख्य भाग मात्र याहून वर असतो.

म्हणूनच पहिला प्रश्न असा, की आपल्याला सबवूफर हवा आहे का? भजनी मंडळ, सुगम संगीताची बैठक किंवा निवेदन एवढेच काम असेल, तर १२ किंवा १५ इंची दोन चांगले स्पीकर पुरतात. नाच, ऑक्टोपॅड, ड्रम किंवा बेस गिटार असेल तर सबवूफरला पर्याय नाही. तो आला की वरच्या स्पीकरांवरचा, म्हणजे ‘टॉप’वरचा भार हलका होतो आणि गाण्याचे शब्दही स्वच्छ ऐकू येतात.

‘पॉवर्ड’ सबवूफर म्हणजे ज्याच्या पेटीतच ॲम्प्लिफायर बसवलेला असतो तो. वेगळा ॲम्प्लिफायर आणि त्याची जुळवाजुळव वाचते. नवशिक्याला हाच सोयीचा.

वॅटचा आकडा फसवा

दुकानात पाऊल टाकताच वॅटचे आकडे कानावर आदळू लागतात. पूर्वी टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’चे भलेमोठे आकडे छापलेले असत, ते अनेकांना आठवत असतील. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! आजही खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो ‘पीक’ म्हणजे क्षणभराचा आकडा. सतत मिळणारी शक्ती त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी असू शकते. दोन सबवूफरची तुलना करताना दोघांचे आकडे एकाच प्रकारचे आहेत ना, हे आधी पाहावे.

शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. ५०० वॅटचे १,००० वॅट केले तर वाढ होते फक्त ३ डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. यामाहाच्या डीएक्सएस मार्क टू मालिकेतील १२ इंची आणि १५ इंची या दोन्ही सबवूफरवर आकडा एकच, १,०२० वॅट. तरी पेट्या वेगळ्या आणि मोठीचा आवाज अधिक खालपर्यंत उतरतो. मग वॅटवरून काय कळणार?

माहितीपत्रकात त्याऐवजी दोन गोष्टी शोधाव्यात. एक, ‘कमाल एसपीएल’, म्हणजे एक मीटरवर जास्तीत जास्त किती डेसिबल आवाज मिळतो. दोन, आवाज किती हर्ट्झपर्यंत खाली उतरतो. यातही एक मेख आहे. कुणी हा आकडा ‘उणे ३ डेसिबल’वर देतो, तर कुणी ‘उणे १० डेसिबल’वर. दुसऱ्या प्रकारात त्या टोकाचा स्वर जवळजवळ निम्माच ऐकू येतो. त्यामुळे कागदावर ४० हर्ट्झ लिहिलेला सबवूफर प्रत्यक्षात ४५ लिहिलेल्यापेक्षा सरस असेलच असे नाही.

किती इंची घ्यावा?

साधारण हिशेब असा. पन्नास-साठ पाहुण्यांची घरगुती मैफल किंवा सोसायटीच्या क्लब हाऊसमधला वाढदिवस असेल तर एक १२ इंची पुरतो. शंभर-दीडशे माणसांच्या हॉलमध्ये नाच असेल तर १५ इंची, किंवा १२ इंची दोन. दोनशेच्या पुढे किंवा मोकळ्या लॉनवर १८ इंची, आणि तेही शक्यतो दोन. मोकळ्या जागेत आवाज परतवणाऱ्या भिंती नसतात आणि अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल घटतात. हॉलमध्ये दणाणणारा सबवूफर लॉनवर बिचारा वाटतो, त्याचे कारण हेच.

एकदम मोठा घेण्यापेक्षा मध्यम आकाराचा एक घेऊन, काम वाढल्यावर तसाच दुसरा जोडणे शहाणपणाचे. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन सबवूफर शेजारी-शेजारी ठेवले तर जवळजवळ ६ डेसिबलची भर पडते. छोट्या कामाला एकच नेता येतो आणि ऐन कार्यक्रमात एक बंद पडला तरी दुसरा लाज राखतो.

वजनाचा विचार बहुतेक जण विसरतात. १२ इंची सबवूफर २५ ते ३५ किलोंचा, तर १८ इंची ३५ ते ५० किलोंचा असतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत रात्री एक वाजता ही पेटी तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार? रिक्षात बसेल की टेम्पो लागेल? प्रत्येक कार्यक्रमाला टेम्पोचे भाडे गेले तर कमाईत उरणार किती, हा हिशेब घरीच मांडावा.

ठेवायचा कुठे?

सबवूफर टेबलावर नव्हे, जमिनीवर ठेवावा. भिंतीजवळ ठेवल्यास बेस आणखी वाढतो. पोकळ लाकडी स्टेजवर ठेवला तर फळ्याच घुमू लागतात. दोन असतील तर स्टेजच्या दोन टोकांना ठेवण्याचा मोह होतो, पण ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ७ मीटर असते. एका सबवूफरपासूनचे अंतर दुसऱ्यापेक्षा साडेतीन मीटरने जास्त असेल, त्या जागी दोन लहरी एकमेकींना खोडून काढतात. मग हॉलच्या मध्यभागी दणका आणि बाजूच्या खुर्च्यांवर सामसूम. दोघांना एकत्र ठेवले की हा घोटाळा टळतो.

‘क्रॉसओव्हर’ची सोय आहे का, तेही विचारावे. ती ८० ते १२० हर्ट्झच्या दरम्यान लावली की खालचा आवाज सबवूफरकडे आणि वरचा टॉपकडे जातो. ‘पोलॅरिटी’ किंवा ‘फेज’चे बटण दोन्हीकडे फिरवून ऐकावे आणि ज्या बाजूला बेस भरदार वाटेल तिथे ठेवावे.

घरघर येते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा प्रकार जिवावर बेतू शकतो. पिन कधीही काढू नये. मिक्सर व स्पीकर एकाच ठिकाणाहून वीज घेतील असे पाहावे आणि ‘बॅलन्स्ड’ एक्सएलआर केबल वापरावी. घरघर बहुधा थांबते.

शेजारी, कायदा आणि कान

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंदिस्त सभागृह वगळता ध्वनिवर्धकाला बंदी आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. ध्वनिवर्धक लावण्यासाठी लेखी परवानगी लागते. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. खासगी जागेतल्या कार्यक्रमाचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये.

पण मीटर शांत म्हणून शेजारी शांत, असे समजू नये. नियमातली मोजणी ‘ए’ पद्धतीची असते आणि तीत ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी नोंदला जातो. आकडा मर्यादेत दिसतो आणि पलीकडच्या घरात खिडकीच्या काचा थरथरत असतात. भिंतींना गाण्याचे शब्द अडवता येतात, बेस नाही. त्या घरात परीक्षेला बसलेले मूल, तान्हे बाळ किंवा आजारी आजोबा असू शकतात.

पाहुण्यांच्या कानांचाही विचार हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या खुर्च्या स्पीकरपासून दूर मांडणे यजमानांना सहज जमते.

पैसे देण्यापूर्वी

पसंत पडलेला सबवूफर आधी दोन कार्यक्रमांसाठी भाड्याने आणून पाहावा. स्वतःचे टॉप आणि ओळखीची गाणी घेऊन दुकानात ऐकावे. आधी हळू, मग मोठ्याने. पेटी खडखडते का, छिद्रातून फसफस येते का, आवाज वाढवताच ठोका चेपतो का, हे कान देऊन तपासावे. परदेशातून कुणी आणून देत असेल तर तो २३० व्होल्टवर चालतो का, ते पाहावे. पक्के बिल घ्यावे आणि आपल्या शहरात दुरुस्तीची सोय आहे का, हे विचारावे. जुना घेताना मागचे ॲम्प्लिफायरचे पॅनेल उघडलेले नाही ना, तेही बघावे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसा हॉल पाहून सबवूफर घ्यावा. पाहुण्यांचे पाय थिरकले आणि शेजारची आजी शांत झोपली, तर निवड नक्कीच बरोबर झाली!