पास किती, आणि कितीपैकी?

एका परीक्षेला पाच लाख मुलं बसली आणि त्यातली साडेचौसष्ट टक्के पास झाली. दहा वर्षांनी त्याच परीक्षेला दहा लाख बसली आणि साडेसाठ टक्के पास झाली. शाळांचं काम सुधारलं की बिघडलं?

हे आकडे अमेरिकेतल्या एपी, म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षांचे आहेत. हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकायचा, मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यायची आणि १ ते ५ मधला गुण मिळवायचा. ३ किंवा जास्त मिळाले की अनेक कॉलेजं त्या विषयाचं क्रेडिट देतात, नामांकित कॉलेजं ४ किंवा ५ मागतात. न्यू जर्सीत किंवा बे एरियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत ‘एपी किती घेतल्यास?’ हा प्रश्न आपल्याकडच्या बारावीच्या टक्क्यांइतकाच ओळखीचा झाला आहे.

सरकारी हायस्कूलमधून २००३ साली बाहेर पडलेल्या मुलांपैकी ५,१४,१६३ जणांनी निदान एक एपी दिली होती, ३,३१,७३४ जणांना ३ किंवा जास्त गुण होते. २०१३ च्या तुकडीत देणारे १०,०३,४३० झाले आणि यशस्वी ६,०७,५०५. टक्का चारने घसरला, पण पावणेतीन लाखांहून जास्त मुलं नव्याने यशस्वी झाली. जुन्या पद्धतीने निवडून-पारखून वर्ग भरले असते, तर यातल्या बहुतेकांना वर्गाचं दारही दिसलं नसतं. म्हणून माझ्या मते ही दहा वर्षं यशाची होती. पण ३ पर्यंत न पोचलेल्यांची संख्याही १ लाख ८२ हजारांवरून ३ लाख ९६ हजारांवर गेली, आणि ती मुलं कोण होती हे विचारल्याशिवाय मला हे यश निखळ म्हणवत नाही. २०१३ च्या तुकडीत कृष्णवर्णीय विद्यार्थी १४.५ टक्के होते. एपी देणाऱ्यांत ते ९.२ टक्के उरले आणि यशस्वी झालेल्यांत ४.६ टक्के. म्हणजे गळती दोनदा झाली, एकदा वर्गाच्या दाराशी आणि एकदा परीक्षेच्या हॉलमध्ये.

दारावरची गळती थांबवण्यासाठी जे मॅथ्यूज या पत्रकाराने १९९८ साली ‘न्यूजवीक’मध्ये शाळांची एक क्रमवारी सुरू केली. हिशेब साधा होता: शाळेत दिल्या गेलेल्या अशा परीक्षांची संख्या भागिले त्या वर्षी बाहेर पडणारे विद्यार्थी. गुण किती मिळाले हे त्याने मुद्दाम मोजलं नाही. पास होण्याचं प्रमाण मोजलं की शाळा कच्च्या मुलांना परीक्षेपासून लांब ठेवतात, हा त्याचा अनुभव. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. दहावीचा निकाल शंभर टक्के दिसावा म्हणून नववीतल्या कच्च्या मुलाला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगणाऱ्या शाळा आपण पाहिल्या आहेत. मॅथ्यूजचा राग मला पटतो. पण त्याच्या क्रमवारीने उलटी वाटही मोकळी केली. तयारी असो-नसो, मुलांना परीक्षेला बसवलं की शाळा वर चढते. वर्षभर न कळलेला विषय आणि शेवटी हातात १, यातून त्या मुलाला काय मिळालं, याचं उत्तर त्या सूत्रात कुठेच नाही.

मॅथ्यूजला ही दृष्टी ज्यांच्यामुळे आली ते बोलिव्हियातून आलेले गणिताचे शिक्षक हायमे एस्कालान्ते. पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये बहुतेक मुलं गरीब मेक्सिकन-अमेरिकन घरांतली. १९८२ साली त्यांचे १८ विद्यार्थी एपी कॅल्क्युलसमध्ये यशस्वी झाले. उत्तरांतल्या सारखेपणावरून परीक्षा घेणाऱ्या संस्थेने १४ जणांवर संशय घेतला. त्यांतल्या १२ जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि बाराही जण पास झाले. १९८८ च्या ‘स्टँड अँड डिलिव्हर’ या चित्रपटामुळे ही गोष्ट जगभर पोचली, पण पडद्यावर एक जिद्दी शिक्षक एका वर्षात चमत्कार करतो असंच दिसतं. प्रत्यक्षात एस्कालान्ते १९७४ पासून तिथे शिकवत होते. गारफिल्डला मुलं पाठवणाऱ्या खालच्या शाळांमधलं गणित सुधारावं म्हणून खटपट झाली, जवळच्या ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजात उन्हाळी वर्ग चालले, मुख्याध्यापक पाठीशी उभे राहिले. तेव्हा कुठे १९८७ साली पहिल्या पातळीच्या कॅल्क्युलसमध्ये ७३ आणि वरच्या पातळीत १२ मुलं यशस्वी झाली. १९९१ साली एस्कालान्ते शाळा सोडून गेले आणि पुढच्या काही वर्षांत हे आकडे कोसळले. मुलं तीच होती, वस्ती तीच होती. खालपासून चाललेली तयारी विस्कटली होती.

अलीकडे आकडे वर नेण्याचा आणखी एक मार्ग दिसला. कॉलेज बोर्डाने २०२२ पासून काही विषयांच्या गुणांच्या सीमारेषा नव्याने आखल्या. अमेरिकेच्या इतिहासात ३ किंवा जास्त मिळवणारे २०२३ साली ४८ टक्के होते, २०२४ साली ७२. कॉलेजात त्याच विषयाला मिळणाऱ्या ग्रेडच्या मानाने एपीचे गुण कडक होते, हे बोर्डाचं म्हणणं मी धुडकावत नाही. पण दोन वर्षांची तुलनाच तुटली. मुलांना २ वरून ३ वर आणण्यासाठी राबलेल्या शिक्षकाला आता आपल्या मेहनतीचा वाटा कुठे संपतो तेच दिसणार नाही.

माझा आग्रह एका आकड्यासाठी आहे, आणि तो कॉलेज बोर्ड काढतंही: बाहेर पडणाऱ्या सबंध तुकडीपैकी किती जणांना निदान एका एपीत ३ किंवा जास्त मिळाले. इथे मुलं वगळून फायदा नाही आणि नुसती बसवूनही नाही. २००३ साली तो १२.२ टक्के होता, २०१३ साली २०.१. शाळांच्या जाहिरातीत आणि राज्यांच्या अहवालात हाच आधी छापावा. आणि त्याच्या शेजारी प्रत्येक जिल्ह्याने सांगावं, की आठवीत बीजगणित किती मुलांना मिळतं. शेवटच्या वर्षी कॅल्क्युलस घ्यायचं तर नेहमीच्या क्रमाने बीजगणित आठवीत सुरू व्हावं लागतं. ज्या शाळेत तो वर्गच नाही, तिथल्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी कॅल्क्युलसचा निकाल परीक्षेच्या चार वर्षं आधीच बहुधा लागलेला असतो.