अँटीबॉडीचा आकडा कमी आला म्हणून घाबरू नका, जास्त आला म्हणून लस टाळू नका

आयसीएमआरच्या चौथ्या सिरो सर्वेक्षणाचे राज्यवार आकडे 28 जुलै 2021 ला बाहेर आले. मध्य प्रदेशात 79 टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाच्या अँटीबॉडी सापडल्या, केरळात 44.4 टक्के आणि आपल्या महाराष्ट्रात 58 टक्के. जालना जिल्हा या सर्वेक्षणाच्या यादीत नव्हता, मात्र शेजारचे बीड, परभणी आणि जळगाव होते. देशभरात निवडलेल्या 70 जिल्ह्यांत तेच जिल्हे पुन्हा पुन्हा तपासले गेले. 2020 च्या मे-जूनमध्ये पहिली फेरी झाली तेव्हा देशाचा आकडा अवघा 0.73 टक्के होता. चौथ्या फेरीत तो 67.6 वर गेला.

हे आकडे आले आणि मोहल्ल्यात दोन प्रकारची बोलणी सुरू झाली. एक म्हणतो, "आता सगळ्यांना होऊन गेला, लस कशाला?" दुसरा लॅबचा रिपोर्ट हातात घेऊन, "मला तर होऊन गेला होता, मग अँटीबॉडी निगेटिव्ह कशी?" दोघांचीही चूक एकच. अँटीबॉडी म्हणजे बँकेत ठेवलेली रक्कम, असे दोघेही समजतात.

प्रत्यक्षात तसे नसते. विषाणू शरीरात शिरला की साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अँटीबॉडी तयार होऊ लागतात. आधी आयजीएम आणि तिच्या पाठोपाठ, कधी जवळपास सोबतच, आयजीजी. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्याच्या सुमारास त्या सर्वाधिक असतात आणि नंतर उतरू लागतात. हे उतरणे म्हणजे बिघाड नव्हे. हल्ला थांबला की घाईत तयार झालेल्या पेशी मरतात, आणि आयजीजीचा रेणूही रक्तात काही आठवडेच टिकतो. वलिम्याला दहा देगी चढतात, आठ दिवसांनी त्याच घरात एक पातेले असते. म्हणून बावर्ची स्वयंपाक विसरला, असे कोणी म्हणत नाही.

2020 मध्ये याच उताराने लोकांना घाबरवले होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 801 आरोग्य कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. तीन आठवड्यांपूर्वी बाधित झालेल्यांपैकी बहुतेकांमध्ये अँटीबॉडी होत्या. सात आठवड्यांपूर्वी बाधित झालेल्यांपैकी मात्र एकाच्याही रक्तात त्या सापडल्या नाहीत. लगेच 'अँटीबॉडी पन्नास दिवसही टिकत नाहीत' अशा बातम्या झाल्या. पण इतक्या लहान गटावरून आणि एका तपासणीवरून सगळ्या जगाचा निकाल लावता येत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या संशोधकांनी सौम्य कोरोना होऊन गेलेल्यांना 11 महिन्यांपर्यंत तपासले आणि मे 2021 मध्ये निष्कर्ष मांडले. पहिल्या चार महिन्यांत अँटीबॉडी झपाट्याने घटल्या, पुढे उतार मंदावला, पण त्या संपल्या नाहीत. बहुतेकांच्या अस्थिमज्जेत अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी ठाण मांडून बसलेल्या सापडल्या. विषाणू पुन्हा आला तर त्याला ओळखणाऱ्या स्मरणपेशी वेगळ्याच, आणि लॅबचा रिपोर्ट त्यांच्याबद्दल एक अक्षर सांगत नाही.

रिपोर्ट वाचण्यातही मोठी गफलत होते. काही किट विषाणूच्या काट्यासारख्या स्पाइक प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी शोधतात, काही आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धच्या. कोविशील्ड शरीराला फक्त स्पाइक दाखवते. म्हणजे कोविशील्डचे दोन्ही डोस घेतलेल्या, पण कोरोना न झालेल्या माणसाने दुसऱ्या प्रकारची तपासणी केली, तर लस उत्तम लागू पडूनही रिपोर्ट निगेटिव्हच येईल. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा निष्क्रिय विषाणू असल्याने तिथे चित्र वेगळे. शिवाय एका लॅबचा 250 आणि दुसऱ्या लॅबचा 250 यांचे माप एकच असेल असे नाही. डोस घेऊनही अँटीबॉडी आल्या नाहीत म्हणून लखनऊमधल्या एका गृहस्थाने मे 2021 मध्ये थेट पोलिसांत तक्रार दिली! अमेरिकेच्या एफडीएने तर 19 मे 2021 रोजी स्पष्टच सांगितले की, संरक्षण आहे की नाही हे ठरवण्यासाठी, विशेषतः लस घेतल्यावर, ही तपासणी वापरू नये. आपल्याकडे मात्र लोक त्यासाठी खिसा रिकामा करत होते.

अँटीबॉडी कमी-जास्त असतात याची किंमत प्लाझ्माच्या बाबतीत आपण चांगलीच मोजली आहे. 2020 च्या एप्रिलमध्ये ज्या तबलीगी बांधवांना टीव्हीवर रोज आरोपी ठरवले जात होते, त्यांच्यातले बरे झालेले लोक दिल्लीत प्लाझ्मा द्यायला रांगेत उभे होते. (पुढे ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले, तेव्हा त्यांना बळीचा बकरा केल्याचे म्हटले.) देणाऱ्यांची नियत साफ होती. पण 39 रुग्णालयांतल्या 464 रुग्णांवर आयसीएमआरने केलेल्या चाचणीत प्लाझ्माने मृत्यू कमी झाले नाहीत. अनेक दात्यांच्या प्लाझ्मात विषाणूला निकामी करणाऱ्या अँटीबॉडी कमीच होत्या. हा निकाल ऑक्टोबर 2020 मध्ये छापून आला, तरी दुसऱ्या लाटेत जालन्या-औरंगाबादची कुटुंबे रात्री-अपरात्री व्हॉट्सअपवर प्लाझ्मा मागत फिरत होती. केंद्राने तो उपचारांतून काढला 17 मे 2021 ला. हा उशीर माफ करण्यासारखा नाही.

आता लसीचे. चौथ्या सर्वेक्षणात एकही डोस न घेतलेल्यांपैकी 62.3 टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी होत्या, दोन्ही डोस घेतलेल्यांमध्ये 89.8 टक्के. कोरोना होऊन गेलेल्याने लस घेतली की पहिल्याच डोसनंतर अँटीबॉडी झपाट्याने वर जातात, हे अनेक देशांत दिसले आहे. शरीराला जुनी ओळख असते, म्हणून असे होते. 2021 मध्ये हजसाठी सौदी सरकारने देशातल्याच 60 हजार लोकांना परवानगी दिली, आणि कोरोनातून बरे झालेल्यांनाही लसीची अट होतीच.

2021 मध्ये आरोग्यमंत्री असलेले राजेश टोपे आपल्याच घनसावंगीचे. तरीही अंबड, परतूर, भोकरदनच्या वस्त्यांमध्ये "होऊन गेला, आता गरज नाही" हे वाक्य तेव्हा रोज ऐकू येत होते. घरातल्या अब्बा-अम्मींना कोरोना होऊन गेला असेल, तर बरे झाल्यावर तीन महिने थांबून मग लस घ्यावी, अशी केंद्राची 2021 मधली सूचना होती. त्याआधी अँटीबॉडी तपासायची गरज नव्हती.