साडेआठ फुटांची रिंग लावायला कुणाच्या बापाचं काय जातं?

गेल्या आठवड्यात लेकीच्या बास्केटबॉल प्रॅक्टिसला कोर्टाबाहेर बसून एक उद्योग केला. दीड तासात तिच्या हातात बॉल किती वेळा आला ते मोजलं. १९ वेळा. तीस मुलं, चार बॉल, ले-अपसाठी मारुतीच्या शेपटाएवढी रांग. उरलेला वेळ राउंड मारण्यात, आणि शेवटी मॅच. मॅचमध्ये बॉल दोघांकडेच. फी मात्र सगळ्यांची सारखी!

मी स्वतः विद्यापीठापर्यंत खेळलेय, म्हणून हे बघून जास्तच डोकं फिरतं. लेक १० वर्षांची. हातात ७ नंबरचा बॉल, डोक्यावर १० फुटांची रिंग. अहो, बायकांच्या आंतरराष्ट्रीय मॅचलासुद्धा ६ नंबरचा बॉल असतो! बारा वर्षांखालच्यांसाठी मिनी बास्केटबॉल नावाचा वेगळा खेळ आहे. बॉल ५ नंबरचा, रिंग २.६० मीटरवर, म्हणजे साधारण साडेआठ फूट. कारणही साधं आहे. ७ नंबरचा बॉल सहाशे ग्रॅमच्या आसपास. लहान मनगटात तेवढा जोर नसतो, मग पोर बॉल कमरेपाशी नेऊन, दोन्ही हातांनी, अख्खं अंग झोकून वर फेकतं. चुकून गेला की टाळ्या. ती सवय अंगात मुरते आणि सोळाव्या वर्षी सर ओरडतात, "कोपर आत घे!" पाच वर्षं ते बाहेर कुणी काढायला लावलं होतं?

उंच पोराचं तर आणखी वाईट. तेराव्या वर्षी वर्गात सगळ्यांत उंच म्हणून त्याला रिंगखाली उभं करायचं. ड्रिबल करायचा नाही, लांबून शॉट मारायचा नाही, फक्त रिबाउंड घे आणि टाक. अठराव्या वर्षी बाकीचे त्याच्याएवढे होतात. आता हा सेंटरला बुटका आणि गार्डला बिनकामाचा. माझ्याबरोबरची अशी दोन-तीन मुलं कॉलेजात खेळ सोडून गेली. तिकडे अँथनी डेव्हिस शाळेत गार्ड होता, मग आठेक इंच उंची वाढली, पण गार्डचा हात शाबूत राहिला. एनबीएत त्याचं सोनं झालं ते त्यामुळेच.

आणि ती टू-थ्री झोन! चौदा वर्षांखालची पोरं लांबून शॉट मारू शकत नाहीत हे सगळ्यांना माहीत, म्हणून पाचही जण रिंगभोवती कोंडाळं करून उभे. मॅच जिंकते, पण आपल्या माणसाला अडवायचं कसं, पाय कसे सरकवायचे, हे कुणी शिकतच नाही. एनबीए आणि यूएसए बास्केटबॉलच्या मार्गदर्शक सूचनांत ११ वर्षांपर्यंत झोन नको असं स्पष्ट म्हटलंय. त्यांना काय जिंकायची हौस नाही?

सरांशी बोलले. ते म्हणाले, "ताई, मला रिझल्ट दाखवावा लागतो. जिल्ह्यात टीम हरली तर पुढच्या वर्षी मी इथे नसेन." माणूस खोटं बोलत नव्हता. संस्थेला शिल्ड हवी, पालकांना दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी सर्टिफिकेट हवं. हो, पालकांनाही! "आमच्या मुलाला पूर्ण मॅच का नाही खेळवलं" म्हणून भांडणारे भरपूर, पण त्याला डाव्या हाताने ड्रिबल येतो का हे विचारणारा एकही भेटला नाही. सरांवर एकट्यावर खापर फोडून आपण मोकळे होतो, झालं.

तर आम्ही तिघा पालकांनी ५ नंबरचे सहा बॉल आणलेत. शेडच्या भिंतीला साडेआठ फुटांवर छोटा बोर्ड आणि रिंग लावायची, फॅब्रिकेशनवाला एका दिवसात करून देतो म्हणाला, पैसेही आम्हीच देतोय. परवानगीचा अर्ज देऊन तीन आठवडे झाले. काल ऑफिसात विचारलं तर क्लार्क म्हणाले, "स्पर्धा होऊ द्या, मग बघू."