कर्णबधिर कलाकारांचं नाटक: जाहिरात नेमकी कुणासाठी?

साधारण चाळिशीचा एक शिंपी माझ्याकडे येतो. जन्मापासून ऐकू येत नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सोबत नेहमी थोरला भाऊ असायचा. तपासणीत साखर वाढलेली निघाली तेव्हा मी सगळं नीट समजावून सांगितलं, पण भावाला. मधुमेह आहे, गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, पायांना जपायचं. भावाने मान डोलावली, त्याच्याकडे वळून हाताने चार खुणा केल्या आणि दोघं गेले. सात-आठ महिन्यांनी तो आला तो पायाच्या अंगठ्याला जखम घेऊनच. गोळ्या महिनाभर घेऊन बंद केल्या होत्या. भावाने त्याला सांगितलं होतं की अशक्तपणा आहे, महिनाभर औषध घे. "उगाच घाबरला असता हो," भाऊ मला म्हणाला. हा माणूस मराठी उत्तम वाचतो, गिऱ्हाइकांची मापं आणि हिशेब स्वतः लिहून ठेवतो. मी एक कागद पुढे ओढून चार ओळी लिहिल्या असत्या तर ही वेळ आली नसती. चूक माझी होती.

हा प्रसंग मला पुन्हा आठवला तो चक्क न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात. २०१५ च्या डिसेंबरात धाकट्या भावाकडे न्यू जर्सीला गेलो होतो. त्याने 'स्प्रिंग अवेकनिंग' या संगीत नाटकाची तिकिटं काढली होती. गाडीत म्हणाला, "बहिऱ्या मुलांचं नाटक आहे दादा, रुमाल घेऊन बस. फार प्रेरणादायी आहे म्हणतात." कोण म्हणतात, तर बातम्या, जाहिराती, ऑफिसातले लोक. नाटक कशाबद्दल आहे हे मात्र त्याला माहीत नव्हतं. आजचा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे.

फ्रँक वेडेकिंड या जर्मन लेखकाचं मूळ नाटक १८९१ चं. वयात येणारी मुलं आणि त्यांना काहीच न सांगणारी मोठी माणसं, हा विषय. त्यावरचं संगीत नाटक २००६ साली ब्रॉडवेवर आलं आणि पुढच्या वर्षी त्याला ८ टोनी पुरस्कार मिळाले. मी पाहिला तो २०१५ चा नवा प्रयोग, लॉस एंजेलिसच्या डेफ वेस्ट थिएटरचा, मायकेल आर्डेन यांनी दिग्दर्शित केलेला. यात काही नट कर्णबधिर, काही ऐकू येणारे. वेंडला ही नायिका सँड्रा मे फ्रँक ही कर्णबधिर अभिनेत्री सांकेतिक भाषेत करते आणि तिचा आवाज म्हणून केटी बोएक गिटार घेऊन तिच्या शेजारी उभी राहून गाते. एकाच मुलीची ही दोन रूपं आहेत असं आपण पाच मिनिटांत मान्य करून टाकतो.

या नाटकातला एक प्रसंग प्रत्येक डॉक्टरने पाहायला हवा. वेंडला आईला विचारते, मुलं होतात कशी? आई उत्तर टाळते. पुढे त्या अज्ञानातच वेंडलाला दिवस जातात. डॉक्टर येतात, तपासतात आणि तिला सांगतात की रक्त कमी आहे. खरं काय ते बाजूला घेऊन फक्त आईला. मुलगी शेवटी चोरून केलेल्या गर्भपातात जाते. ही भूमिका कर्णबधिर अभिनेत्री करत असताना तो प्रसंग पाहिला आणि मला माझा शिंपी आठवला. 'रक्त कमी आहे' आणि 'अशक्तपणा आहे' यात कितीसा फरक?

म्हणजे कर्णबधिर कलाकार घेणं ही या प्रयोगातली सजावट नव्हती. कथेचाच अर्थ त्याने अधिक खोल झाला होता. शाळेतल्या प्रसंगांनाही इतिहासाचा आधार होता. १८८० साली मिलानला भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठराव केला की कर्णबधिर मुलांना बोलूनच शिकवावं, खुणांनी नव्हे. त्यानंतर कित्येक पिढ्यांना वर्गात हात हलवायची बंदी झाली. त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं, व्हँकुव्हरच्या परिषदेत. इतकं सगळं ज्या प्रयोगात आहे त्याबद्दल माझ्या भावापर्यंत पोचलं काय, तर रुमाल.

यात भावाचा दोष नाही. अशा नाटकांचा गाजावाजा ठरावीक वाटेने होतो. पहिली वाट 'प्रेरणे'ची: बघा, ऐकू येत नसूनही किती छान करतात. दुसरी 'नि:शब्द जगा'ची. तिसरी 'पहिल्यांदाच' ही. याच प्रयोगातल्या अली स्ट्रोकर या व्हीलचेअर वापरणारी ब्रॉडवेवरची पहिली अभिनेत्री ठरल्या आणि त्याची खूप चर्चा झाली. ती गोष्ट खरीच मोठी आहे, सांगायलाच हवी. पण चार वर्षांनी 'ओक्लाहोमा!' या दुसऱ्या जुन्या नाटकाच्या नव्या प्रयोगात त्यांनी अशी भूमिका केली जिचा व्हीलचेअरशी काही संबंध नव्हता, आणि त्यासाठी टोनी मिळवला. मला ही बातमी जास्त महत्त्वाची वाटते.

'नि:शब्द जग' हे तर डॉक्टर म्हणून मला पटतच नाही. बहुतेक कर्णबधिर व्यक्तींना थोडंफार ऐकू येतं, कुणाला खालचे सूर, कुणाला फक्त मोठे आवाज. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही दोन पातळ्या आहेत: दोन्ही कानांत ७० डेसिबल ऱ्हास असेल तर कर्णबधिर, ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारा. शिवाय ढोलाचा ठोका छातीत जाणवायला कानाची गरज नसते. रंगमंचावर हे कलाकार ताल पकडतात ते प्रकाशाच्या खुणांनी, एकमेकांच्या स्पर्शाने आणि मोजून मोजून केलेल्या सरावाने. त्यात चमत्कार कसला? ती घोटून घोटून केलेली तालीम आहे.

आपल्या मराठीतला 'मूकबधिर' हा शब्दही तसाच फसवा. कान आतून बिघडला म्हणून स्वरयंत्र बिघडत नाही. मूल बोलत नाही कारण त्याने बोलणं ऐकलेलं नाही. आणि खुणांची भाषा म्हणजे हातवारे नव्हेत. विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये दाखवून दिलं की अमेरिकन सांकेतिक भाषेला स्वतःची रचना आहे. अमेरिकन आणि ब्रिटिश सांकेतिक भाषा एकमेकींना परक्या, भारतीय आणखी वेगळी. मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आला तर आपली वाचा जाते ना, तसंच सांकेतिक भाषा वापरणाऱ्याच्या खुणा विस्कटतात, हाताला ताकद असूनही. मेंदूच्या लेखी ती भाषाच आहे.

"ओठ वाचता येतात की त्यांना," असं काही जण म्हणतात. घरी आरशासमोर उभे राहून आवाज न काढता 'पाय', 'बाय', 'माय' म्हणून बघा. तिन्ही सारखेच दिसतील. त्यात समोरचा डॉक्टर मास्क लावून बसलेला.

२०१८ चं दुसरं उदाहरण बघा. 'चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड' हे मार्क मेडॉफ यांचं नाटक १९८० साली ब्रॉडवेवर आलं तेव्हा फिलिस फ्रेलिच या टोनी मिळवणाऱ्या पहिल्या कर्णबधिर अभिनेत्री ठरल्या. त्यावरच्या चित्रपटाने मार्ली मॅटलिन यांना ऑस्कर दिलं. नव्या प्रयोगात नायिका होत्या लॉरेन रिडलॉफ. प्रसिद्धीत दोन गोष्टी पुढे होत्या: समोरचा नट टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा जोशुआ जॅक्सन, आणि रिडलॉफ मुळात दिग्दर्शकाला सांकेतिक भाषा शिकवायला आल्या होत्या व त्यांनाच भूमिका मिळाली, ही परीकथा. परीकथा गोड आहे, खरीही आहे. पण नाटकातली सारा भांडते ती नेमकी याच गोडव्याशी: मला बोलायला शिकवू नका, तुम्ही माझी भाषा शिका. एप्रिलमध्ये सुरू झालेला हा प्रयोग मे अखेर बंद पडला. रिडलॉफ यांना टोनीचं नामांकन मात्र मिळालं.

इथे निर्मात्याची बाजूही ऐकायला हवी. ब्रॉडवेवर नाट्यगृह भरलं नाही तर प्रयोग थांबतो. ओळखीचा चेहरा आणि हळवी गोष्ट यांनी तिकिटं खपतात, व्याकरणाने नाही. मलाही हे कळतं. ब्लॉगला 'मधुमेहात पायाची निगा' असं नाव दिलं तर वाचक कमी येतात, 'ही एक चूक पाय घालवू शकते' म्हटलं की येतात. मी एकदा-दोनदा तसं केलंय. पण हळव्या गोष्टीवर आलेला प्रेक्षक काय घेऊन घरी जातो? दया आणि कौतुक. आणि या दोन्ही भावना असलेला माणूस माझ्या दवाखान्यात रुग्णाच्या सोबत येतो तेव्हा त्याच्याशी न बोलता त्याच्यावतीने बोलतो. त्या भावाचं धाकट्यावर प्रेम कमी नव्हतं, जास्तच होतं.

मग जाहिरात कशी असावी? माझं मत सरळ आहे. नाटक कशाबद्दल आहे ते आधी सांगा. कलाकार कर्णबधिर आहेत हे लपवू नका, पण ते कलेच्या भाषेत सांगा: हा प्रयोग दोन भाषांत आहे. २००३ साली डेफ वेस्टनेच 'बिग रिव्हर' ब्रॉडवेवर आणलं होतं. त्यात एका गाण्याच्या शेवटी आवाज पूर्ण थांबतो आणि सगळे, ऐकू येणारेसुद्धा, ते गाणं फक्त हातांनी म्हणतात. हे ऐकून कुणाला जावंसं वाटणार नाही? यात कुणाची कीव नाही आणि उत्सुकता मात्र भरपूर आहे. दुसरं, जाहिरात कर्णबधिर प्रेक्षकालाही कळू द्या. चित्रफितीखाली शब्द आहेत का? कुठल्या खुर्चीवरून हात नीट दिसतात हे लिहिलंय का? चौकशीला फक्त फोन नंबर दिला असेल तर ती जाहिरात कुणासाठी आहे ते उघडच आहे.

आपल्याकडे हसू नका. मला एका कर्णबधिर शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मुलांनी अप्रतिम नाटुकलं केलं. मग मी बारा मिनिटं भाषण ठोकलं. खुणांनी सांगणारं कुणी शेजारी नव्हतं, हे मला खाली बसल्यावर कळलं. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मुलं शहाणी, त्यांनी हात वर करून हलवले. ती त्यांची टाळी.

आता थोडं कामाचं. घरात नवं बाळ असेल तर पहिल्या महिन्यातच कानाची तपासणी करून घ्या, बाळ झोपलेलं असतानाही ती होते, दुखत नाही. शंका आली तर तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू व्हावेत. श्रवणयंत्र असो, कॉक्लिअर इम्प्लांट असो, सोबत सांकेतिक भाषा शिकवली म्हणून मूल बोलण्यात मागे पडेल ही भीती धरू नका. मेंदूला भाषा लवकर मिळणं महत्त्वाचं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तपासणी आणि मार्गदर्शन मिळतं.

घरात मोठं माणूस कर्णबधिर असेल तर डॉक्टरकडे जाताना वही-पेन द्या. तपासताना डॉक्टरचं तोंड तुमच्याकडे नाही तर रुग्णाकडे हवं, हे त्यांना बेलाशक सांगा. वाचता येत नसेल तर औषधाच्या वेळा चित्राने काढून मागा, सूर्य आणि चंद्र पुरतात. आणि रुग्णाला काय सांगायचं नाही हे तुम्ही ठरवू नका.

शिंप्याचा अंगठा दीड महिन्यात भरला. आता तो एकटाच येतो, शंभर पानी वही घेऊन. गेल्या खेपेला त्याने आधीच घरून लिहून आणलं होतं: मशीन पायाने चालवतो, विजेवरचं घेऊ का? मी खाली लिहिलं, घ्या.