सोड्याच्या जागी कोणता सोडा?

कपडे धुण्याची पूड घरीच तयार करण्याची जी कृती अलीकडे अनेक मराठी घरांत रुळली आहे, तिचा मूळ साचा अमेरिकी असून त्यात किसलेला साबण, धुण्याचा सोडा आणि टाकणखार हे तीनच घटक असतात. ही कृती इकडे येताना मात्र हाताशी असेल त्या वस्तूने या घटकांच्या जागा भरल्या जाऊ लागल्या: धुण्याच्या सोड्याऐवजी खाण्याचा सोडा, टाकणखाराऐवजी मीठ, साबणाऐवजी रिठ्याचे पाणी, आणि वर व्हिनेगरचा शिडकावा. खर्च वाचवण्याची आणि अनावश्यक रसायने टाळण्याची यामागची इच्छा आदरास पात्र आहे. परंतु एक पांढरी पूड काढून दुसरी घालताना पहिली नेमके कोणते काम करत होती हे पाहिले जात नाही, आणि घरगुती धुलाईचे बरेचसे अपयश याच दुर्लक्षातून येते.

गोंधळाचा उगम भाषेतच आहे, कारण बोलण्यात ‘सोडा’ हा एकच शब्द तीन भिन्न पदार्थांसाठी वापरला जातो. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट आणि कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. पदार्थ किती आम्लधर्मी किंवा आम्लारिधर्मी आहे हे मोजणाऱ्या अंकाला सामू म्हणतात; खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू 8.3 च्या, तर धुण्याच्या सोड्याचा 11 च्या आसपास असतो, आणि या मापात प्रत्येक अंक दहापटीने वाढत असल्यामुळे दोघांच्या आम्लारितेत काही शेकडा पटींचे अंतर पडते. म्हणूनच तेलकट मळ सैल करण्याचे काम खाण्याच्या सोड्याला जमत नाही, तर कातडी जाळणारा कॉस्टिक सोडा धुण्याच्या पुडीत सोड्याला पर्याय म्हणून कधीही घालू नये.

या तिघांपैकी पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर मात्र घरी करता येते. खाण्याचा सोडा स्टीलच्या ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये 200 अंश सेल्सिअस तापमानावर तासभर ठेवला, की त्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात व 100 ग्रॅमपासून सुमारे 63 ग्रॅम धुण्याचा सोडा उरतो. आम्लारी ॲल्युमिनियमला खाते, म्हणून त्या धातूचे भांडे येथे चालत नाही. वजनाचे भान बाजारातून आणलेल्या सोड्याबाबतही राखावे लागते, कारण स्फटिकरूप धुण्याच्या सोड्यात पाण्याचा अंश इतका असतो की 100 ग्रॅम खड्यांत प्रत्यक्ष सोडियम कार्बोनेट केवळ 37 ग्रॅम भरते, आणि कोरड्या पुडीच्या जागी तितकेच खडे घातल्यास परिणाम जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

सोड्याचे याहून मोठे काम पाण्याशी निगडित आहे. ज्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक विरघळलेले असतात आणि साबणाला सहज फेस येत नाही, त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. दख्खनच्या पठारावरील अनेक विंधन विहिरींचे पाणी असेच असते आणि त्यात डाळही लवकर शिजत नाही. अशा पाण्यात साबण मळाशी भिडण्याआधी कॅल्शियमशी संयोग पावून चिकट साका बनतो, जो कपड्यांना करडी छटा देतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 पर्यंत चालतो. यांच्यामधला 400 हा आकडा धरला, तर 15 लिटरच्या एका बादलीत सुमारे 36 ग्रॅम साबण निव्वळ साका होण्यात खर्ची पडतो. तेच क्षार आधीच खाली बसवायला हिशोबाने साडेसहा ग्रॅमहून कमी कोरडा धुण्याचा सोडा पुरतो. मीठ हे काम करत नाहीच, उलट साबणाची विद्राव्यता घटवते. साबण कारखान्यात तयार साबण द्रवातून वेगळा काढण्यासाठी मीठच वापरतात.

व्हिनेगर आणि लिंबाच्या सालींपासून गुळात आंबवलेले तथाकथित बायोएन्झाइम ही दोन्ही आम्ले असल्यामुळे ती साबणाच्या द्रावणात मिसळणे म्हणजे साबण मोडणे होय: साबणातून तैलाम्ले सुटी होऊन धाग्यांवर ओशट थर बसतो. सोड्याशी त्यांची गाठ पडली की उठणारा फसफसाट अनेकांना शक्तीचे लक्षण वाटतो, वास्तविक त्या क्षणी दोन्ही पदार्थ एकमेकांना निष्प्रभ करत असतात. साबण पूर्ण निघून गेल्यावर शेवटच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घालण्यास हरकत नाही, मात्र ते ब्लीचमध्ये कदापि मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

टाकणखाराचा प्रश्न वेगळा आहे. या पूडमिश्रणात त्याचे काम सौम्य आम्लारीचे असल्यामुळे तो वगळून सोडा किंचित वाढवला तरी फारसे बिघडत नाही. वगळण्याचे कारण मात्र सबळ आहे, कारण प्रजननक्षमतेवरील दुष्परिणामांमुळे युरोपीय संघाने 2010 साली त्याची नोंद अतिचिंताजनक पदार्थांत केली. घरची पूड ‘नैसर्गिक’ म्हणून तिचे सांडपाणी परसबागेत सोडणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की टाकणखारातील बोरॉन झाडांना अत्यल्प लागते व जरा वाढताच बाधते, आणि सोड्यातील सोडियम साचत गेल्यास काळी जमीन घट्ट होऊन पाणी मुरेनासे होते.

कामानुसार पदार्थ निवडण्याची ही दृष्टी येथल्या परंपरेला परकी नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या परिसरात साबणासाठी लागणारे पदार्थ मिळतात, असा उल्लेख सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ‘आइन-इ-अकबरी’त आहे. परीट सुती कपड्यांना आम्लारीच्या पाण्यात भिजवून भट्टी लावत, परंतु रेशीम व लोकर ही प्रथिनांची बनलेली असून आम्लारीने झिजतात, म्हणून शालू, पैठणी आणि शालींसाठी रिठा राखलेला असे. रिठ्यातील सॅपोनिन हा फेस देणारा घटक दुष्फेन पाण्यातही साबणासारखा साका बनत नाही, हा त्याचा खरा गुण. मात्र त्याची मळ काढण्याची ताकद सौम्य आहे, पांढऱ्या कापडावर तपकिरी झाक राहू शकते, आणि उकळून गाळलेले पाणी काही दिवसांतच नासते. स्वयंपाकघरातील तेलकट फडक्यांना त्याने न्याय मिळेल, ही अपेक्षा अवाजवी आहे.

घरी केलेली पूड कमअस्सल असते, असा याचा अर्थ नव्हे. अहमदाबादेत 1969 साली करसनभाई पटेल यांनी निरमाची सुरुवात घरच्या आवारातूनच केली, पण ते रसायनशास्त्र शिकलेले होते. प्रत्येक घराने तितके शिकण्याची आवश्यकता नाही, परंतु एक चाचणी अवश्य करावी: बाटलीत नळाचे किंवा बोअरचे पाणी घेऊन त्यात साबणाच्या पाण्याचे काही थेंब टाकून हलवावे. टिकाऊ फेस आला तर किसलेला साबण आणि थोडा सोडा सुती कपड्यांना पुरेसा आहे. दह्यासारख्या कवड्या दिसल्या तर साबण भिजवण्याआधी सोडा पाण्यात विरघळवून ते निवळू द्यावे, आणि तरीही साका आला तर त्या पाण्यासाठी घरची साबणपूड योग्य नाही हे मोकळेपणाने मान्य करावे. कृतीच्या पहिल्या ओळीत साबणाचे माप येण्याऐवजी पाण्याची ही परीक्षा आली, तर पुढचा प्रत्येक पर्याय डोळसपणे निवडता येईल.